काडतूस कोण भरणार

कांगास करवत दुकान,
५ नोव्हेंबर १९८४

प्रिय ओन्नी,

तू आयलीला द्यायला सांगितलेल्या बंदुकीची आजवरची खरी किंमत अशी: पोरीच्या उजव्या भुवईवर चार टाके, खांद्यावर आधी जांभळा आणि आता पिवळट पडलेला बशीएवढा डाग, बावीस काडतुसं, त्यांतली कागदावर लागलेली तीन, आणि तुझ्या बायकोचा माझ्याशी नऊ दिवसांचा अबोला. तो काल संपला. दारात उभी राहून मार्लीन म्हणाली, "मासे उरलेत, घेऊन जा." एवढंच म्हणाली, पण म्हणाली.

तुला दोष देत नाही. चौदावं लागलं की बापाची बंदूक लेकराच्या हाती द्यायची ही आपल्याकडची रीत. तुला ती मीच दिली होती, सैन्याच्या जुन्या मालातून घेतलेली, दस्त्याला लोखंडी पट्टी असलेली. देताना म्हणालो होतो, "हिचा धक्का सोसलास की माणूस झालास." तू आयलीला लिहिलेल्या पत्रात तेच वाक्य होतं, शब्दही न बदलता. तिने मला वाचून दाखवलं तेव्हा कसंसंच झालं. आपली माणसं एरवी किती चोखंदळ! बूट घेताना पाय मोजतो, करवत घेताना हात मोजतो, आणि बंदूक घेताना मात्र फक्त छाती फुगवतो. पोरीचं वजन चाळीस किलो. पहिल्याच गोळीला बंदुकीवरची दुर्बीण मागे येऊन भुवईवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या वेळेपासून तिचं अंगच बंदुकीला घाबरायला लागलं. चाप ओढायच्या आत डोळे मिटायचे, खांदा मागे जायचा, नळी खाली झुकायची.

मला बसून लिहिणं होत नाहीये. काउंटरपाशी उभ्यानेच लिहितोय. मघापासून तीनदा दारापर्यंत जाऊन आभाळ पाहून आलो. बर्फाचं नाव नाही, वारा मात्र रोज दिशा बदलतोय. पंधरा तारखेला हंगाम उघडतो, म्हणजे दहा दिवस उरले. गिऱ्हाईक येतं, साखळीला धार लावून मागतं, आणि जाताना हटकून विचारतं, "काय रेइनो, नातीला शिकारीच्या कॅम्पवर नेणार म्हणे?" सकाळी कॅम्पवरचा आर्वो आला होता. तेल घ्यायचं निमित्त, पण तेल न घेताच गेला. म्हणाला, "माझी कात्री जरा घासून दे. या वर्षी कापड मऊ असणार, बायकी सदरा." मी म्हटलं, "तुझी जीभ आधी आण, तिला धार जास्त झालीय, थोडी बोथट करून देतो." दुकानातले हसले. मीही हसलो. तो गेल्यावर मात्र एकच साखळी दोनदा घासली.

तुला सांगायला नको, कॅम्पवर नेम चुकला की सदऱ्याचं शेपूट आर्वोच्या कात्रीखाली जातं आणि नाव-साल घालून भिंतीला ठोकलं जातं. आयलीलाही ते ठाऊक आहे. ती कात्रीला भीत नाही. ती मला म्हणाली, "आजोबा, शेपूट कापा हवं तर. पण डोळे मिटून गोळी झाडली आणि हरणाच्या पोटात लागली तर? ते कुठेतरी जाऊन तीन दिवसांनी मरेल. तसं असेल तर मी येत नाही." आणि लगेच, "पण मला यायचंय." हे दोन्ही एका दमात. आता सांग, माणसाने काय करावं?

मी तिला आपल्या जुन्या खडीच्या खाणीत न्यायला लागलो. शाळा सुटल्यावर रोज, अंधार पडायच्या आत परत. पहिल्या दिवशी तिला काही शिकवलं नाही. चार पावलं मागे उभा राहिलो आणि डोळे मिटून ऐकलं. हसू नकोस. सोळाव्या वर्षी दुसऱ्यांच्या करवती घासायला बसलो तो आज सात माणसांना पगार देतो, ते या कानांच्या जोरावर. करवत झाडात चालली की कुठला दात बोथट झालाय हे मला रस्त्यावरून कळतं. तर ऐकलं. पोरीचा श्वास आधी अडकतो. मग दाढा एकमेकींवर आपटतात, टक्. आणि मग गोळी. टक् आधी, ठो नंतर. म्हणजे तिला धक्का बसतच नव्हता, ती तो आधीच घेऊन मोकळी होत होती.

तुझी बंदूक त्याच दिवशी पुसून कपाटात ठेवली. तुझ्या आईची हलकी बंदूक काढली, सफरचंदाच्या झाडांवर येणारी अस्वलं हाकलायला असायची ती. दस्त्याला जाड रबर लावलं. कानांत बोळे, वर दुकानातली लाकूडतोड्यांची कानझापं. अर्धी भीती आवाजाची असते, ती तिथेच गेली. मग दोन दिवस काडतुसाशिवाय. नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा, इतका हळू की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. नाणं बेचाळीस वेळा पडलं. मी मोजलं नाही, तिनेच मोजलं, आणि प्रत्येक वेळी ते शोधायला खडीत गुडघे टेकले.

मग खरं औषध. बंदूक तिने भरायची नाही, मी भरायची, पाठ फिरवून. कधी खरं काडतूस, कधी रिकामं. काय आहे ते तिला ठाऊक नाही. रिकामं असलं की आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही नळी झुकली तर ती कोणी झुकवली हे उघड्यावर येतं. पहिल्या दहांत दहाही वेळा झुकली. अकराव्या वेळी तिने बंदूक दगडावर ठेवली आणि हात खिशात घातले. म्हणाली, "माझ्यात काहीतरी मोडलंय." मी म्हटलं, "काही मोडलं नाही. सवय आहे, जाईल." ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? तुम्हाला कधी झालंय?" मी छाती काढून म्हणालो, "मला? दुकानातलं ते शिंगांचं डोकं बघतेस ना, एक्कावन्न सालचं? पळतं हरीण, दोनशे पावलं, एकच गोळी. डोळ्याचं पातं हललं नव्हतं." ती म्हणाली, "ते मला पाठ आहे. आई बटाटे सोलताना तुमच्या आवाजात म्हणून दाखवते. या, उभे राहा. मी भरते."

उभा राहिलो. काय करणार? तिने पाठ फिरवली, खुडबुड केली, बंदूक हातात दिली. मी पुठ्ठ्याच्या हरणावर नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिक्. रिकामं होतं. आणि नळी, ओन्नी, वीतभर खाली. माझा खांदा असा मागे गेला की टोपी पडली. वळून पाहिलं तर पोरगी खडीत बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसतेय, डोळ्यांतून पाणी, वर उचकी. "आजोबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा वाईट! तुम्ही डोळे मिटलेत!" मी म्हटलं, "ऊन होतं." ती म्हणाली, "ढग आहेत."

त्या दिवसापासून पाळी लावली. एकदा मी तिच्यासाठी भरायचं, एकदा तिने माझ्यासाठी. तिचं भरणं लबाड असतं. मला सलग चार रिकामी देऊन पाचवं खरं देते. पण तिच्या श्वासातला अडथळा निघत गेला. परवा मी मागे उभा राहून ऐकलं तर टक् नव्हतं. लांब श्वास, थोडी शांतता, आणि गोळी. तिचं तिलाच नवल वाटलं. पाच खरी, पाचही वहीच्या पानात. माझं विचारू नकोस. माझी नळी अजून झुकतेच.

काल इथवर लिहून उठलो होतो. आज पुन्हा उभा आहे. दुकानात कोणी नाही, तरी पाय एका जागी राहत नाहीत. कारण काल परत येताना गाडीत आयलीने विचारलं, "बाबांनीपण डोळे मिटले होते का? कॅम्पच्या भिंतीवरच्या त्यांच्या चिंधीच्या वेळी?" मी म्हटलं, माहीत नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला तर सगळं ऐकू येतं."

तर ऐक. एकोणसाठ साली, देवदारांच्या त्या उतारावर, मी तुझ्यामागे चारच पावलांवर होतो. हरीण चाळीस पावलांवर उभं होतं. तुझा श्वास अडकला. मग टक्. मग ठो. मला ऐकू आलं होतं, ओन्नी. तेव्हाच कळलं होतं की तू चुकला नाहीस, तुझ्या खांद्याला न पेलणारं लोखंड मी तुझ्या गळ्यात घातलं होतं. संध्याकाळी आर्वोने कात्री काढली तेव्हा मी एक शब्द बोललो असतो तर ती परत खिशात गेली असती. पण मग आर्वोने सगळ्यांसमोर विचारलं असतं, "तुला रे कसं कळलं?" कारण ते ज्याला होतं त्यालाच कळतं. म्हणून मी बोललो नाही. उलट तुझ्या सदऱ्याचं टोक ताणून मीच धरलं, कापायला सोपं जावं म्हणून. तू हसत होतास. सगळे म्हणाले, पोरगा खिलाडू आहे. चुलीपाशी झोपलास तेव्हा मात्र तुझ्या दाढा पुन्हा तशाच वाजत होत्या, आणि मी कूस बदलून पडलो.

त्यानंतर तू एकदाही कॅम्पवर आला नाहीस. अठरा पूर्ण होताच जहाजावर गेलास. नोव्हेंबरात रजा मिळत नाही असं तू दरवर्षी कळवतोस आणि मी दरवर्षी मान डोलावतो. जहाजांच्या धक्क्यावरचा कारकून माझ्याकडे करवत आणतो. बोलताबोलता तोच सांगून गेला की नोव्हेंबरची पाळी तू मागून घेतोस, आणि तुझ्या जागी घरी जाणारी पोरं तुझ्या नावाने बिअर पितात. त्याला सहा वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही, मार्लीनलासुद्धा नाही.

म्हणून हे पत्र. ते डेट्रॉइटला टपालाच्या होडीतून, नेहमीसारखं दोरीच्या बादलीत बसून तुझ्या जहाजावर चढेल, तेव्हा हातात चार-पाच दिवस असतील. तुझं जहाज तेराला मार्केट गावच्या बंदरात खनिज भरायला लागतंय हेही मला कळलंय. हरीण मारायला ये असं म्हणत नाही, कॅम्पवर ये असंही नाही. चौदाला सकाळी खाणीत आयलीचा शेवटचा सराव आहे. काडतूस कोण भरणार असं विचारलं तर तिने तुझं नाव घेतलं. म्हणाली, आजोबांची खुडबुड आता मला ओळखू येते. तू आलास तर मी गाडीत बसून राहीन, मध्ये पडणार नाही. आणि एक गोष्ट तिच्याआधी तुला कळायला हवी. नव्या शिकाऱ्यासमोर सगळ्यांत म्हाताऱ्याने आपली मोठी शिकार सांगायची असते. माझी ती गोष्ट ऐकत तू मोठा झालास, आणि आपण बापासारखे नाही असं मनाशी धरून बसलास. या वेळी मी ती आर्वोच्या तोंडावर नीट सांगणार आहे. ते एक्कावन्नचं हरीण तुझ्या आईने मारलं. तीस पावलांवरून, स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहून. ते पळत नव्हतं, आपल्या वाफ्यातला कोबी खात होतं. मी त्या दिवशी हँकॉकला दाढ काढून घ्यायला गेलो होतो.

तुझाच,
बाबा