मधली सायकल

३ डिसेंबर, सोलापूर

बॅग भरून झाली. शेंगाचटणी, कडक भाकरी, माझा लसणाचा चिवडा. पोरीला मुलगा दाखवायला थेट कंबोडिया! शिवकुमार अक्कलकोटचा, आपल्यातलाच, तिकडे सिएम रीपला हॉटेलात हिशेब बघतो. त्याला सुट्टी नाही, म्हणून श्रीदेवीच निघाली. सोबतीला कोण? मी, तिची आत्या!

श्रीदेवीचे वडील, आमचे अण्णा, दारात उभे. "महेश्वरी, पोरीचा होकार घेऊनच यायचं. आणि साखरपुडा होईपर्यंत दोघांना एकटं सोडायचं नाही, कळलं की?"

बरं म्हटलं.

६ डिसेंबर, सिएम रीप

इथली जुनी देवळं सायकलवर बघायची म्हणे. शिवकुमारनं तीन सायकली आणून उभ्या केल्या. मी शाळेला सायकलनं जायचे, त्याला जमाना झाला. पातळात जमेना. शेवटी श्रीदेवीनं तिचा पंजाबी ड्रेस घातला मला. आरशात बघून मीच हसत सुटले.

पुढं तो, मागं ती, मधे मी. दोघांचं बोलणं माझ्या डोक्यावरून.

"ऊन लागतंय का?"

"नाही."

"पाणी हवंय?"

"नको."

संपलं! आणि अंकोर वाट? अबब! आपल्या सिद्धेश्वराच्या देवळासारखं चहूकडं पाणी, पण सायकल हाणतोय हाणतोय, कडच येईना. देवासाठी एवढं करणारी माणसं कसली असतील! मला लई आनंद झाला.

७ डिसेंबर

बसवत नाही. उभ्यानं जेवले.

८ डिसेंबर

आज बायोनचं देऊळ. जिकडं बघावं तिकडं दगडाचे मोठमोठे चेहरे, सगळे गालातल्या गालात हसणारे. मी म्हटलं, "बघा रे, दगडं हसतायत, तुम्हाला काय झालंय?" श्रीदेवी "आत्या!" म्हणून लाजली. की चिडली? कळलं नाही.

पोरगं मात्र गुणाचं. माझी चेन पडली तर हात काळे करून बसवली. चटणी खाताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तिखटानं नाही, मला कळतं. असा जावई मिळायला नशीब लागतं. ही कार्टी हो का म्हणत नाही?

९ डिसेंबर

काय दिवस!

गावाबाहेर शंकराचं देऊळ. भोवती कच्ची वाट. फेरी मारून पलीकडच्या दाराशी नारळपाणी प्यायचं ठरलं. पाय दुखत होते, मी मागं पडले. उत्तरेला आले तर भिंतीतून गोमुख बाहेर आलेलं, पूर्वी अभिषेकाचं पाणी त्यातून वाटेवर पडायचं. ते ओलांडायचं? शंकराच्या प्रदक्षिणेत? माझ्या हातून नाही व्हायचं! पोरं गेली खुशाल. मी सायकल वळवली. म्हटलं, उलट्या बाजूनं गाठते त्यांना.

वाटेला फाटा फुटला आणि मी पोचले भाताच्या शेतात! माणूस नाही, फोनमध्ये इथलं कार्ड नाही. आधी रडू आलं. मग अण्णांचे शब्द आठवले आणि घामच फुटला. दोघं एकटी!

कमळं विकणारी एक बाई भेटली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी हात जोडून पिंडी काढून दाखवली मातीत. ती हसली, सायकलवर पुढं झाली आणि मला दारापर्यंत आणून सोडलं. जाताना एक कमळ दिलं.

आणि ही दोघं! एका बाकड्यावर बसून हसतायत, हसून हसून डोळे पुसतायत. मी हरवले होते याचा पत्ताच नाही! शिव्या देणार होते, घशातच राहिल्या. एवढे दिवस तोंड न उघडणारी पोरं! देवानंच वळवलं मला.

खोलीवर आल्या आल्या तिथल्या वायफायवरून अण्णांना फोन लावला. "होकारच समजा!" अण्णा तिकडं एवढ्यांदा ओरडले की श्रीदेवी अंघोळीतून "काय झालं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

१० डिसेंबर

सकाळी दोघं माझ्यासमोर येऊन बसले. त्याचं इथल्याच एका मुलीशी जुळलंय, घरी सांगायचं धाडस नाही. हिला सोलापूरच्या भवानी पेठेतलं स्वतःचं औषधाचं दुकान सोडून कुठंच जायचं नाही. दोघंही घरच्यांच्या भीतीनं हो म्हणायला बसलेली! काल एकटी सापडली तेव्हा बोलली. दोघं हसत होती, ती सुटलो म्हणून.

अण्णांना पुन्हा फोन लावला.

"नकार? कुणाचा नकार?"

"माझा," म्हटलं.