पांढरीचं इंजिन आलं, बाबा

प्रिय बाबा,

काल दुपारी रफिकभाऊंचा गॅरेजमधून फोन आला. "इंजिन आलं. शनिवारपर्यंत सांगजो, बसवाचं का नाई. दुसरंही गिऱ्हाईक हाये." फोन ठेवून मी आईला विचारलं, काय करू? ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय इचारून राह्यली? तुह्या बाबाले इचार."

म्हणून हे पत्र. ती रागानं म्हणाली की सवयीनं, मला अजून कळलेलं नाही. या घरात गाडीचा कुठलाही प्रश्न तुमच्याकडे जायचा. पोळ्यापासून चार महिने झाले, तरी तो तुमच्याकडेच जातो. मग विचारतेच. मोठं इंजिन घेऊ का, बाबा?

उत्तर मला माहीत आहे म्हणा. तुम्ही ते जिवंत असताना दहा वेळा दिलंत आणि मी दहाही वेळा या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

तुमची काळीपिवळी आठवते. कोरपना ते चंद्रपूर, चंद्रपूर ते कोरपना, नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा. मी आठ वर्षांची, तुमच्या आणि गिअरच्या मधल्या फटीत बसलेली. सिमेंटच्या गाड्यांनी रस्ता पांढरा व्हायचा आणि धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारून जायचा. त्या दिवशी टँकर नुकताच गेला होता. वळणावर जीपचं मागचं अंग सुटलं आणि नालीकडे निघालं. मागे आरडाओरडा झाला. एका म्हातारीच्या टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा ओरडल्या.

तुम्ही ब्रेकला पायसुद्धा लावला नाहीत. अॅक्सिलेटरवरचा पाय हलकेच उचललात, शेपूट जाईल तिकडेच स्टिअरिंग फिरवलंत, आणि जीप आपली आपण सरळ झाली. "काई नाई झालं," तुम्ही मागे वळून म्हणालात, "जरा नाचली." लोक हसले. नंतर कोरपन्याच्या स्टँडवर तुम्ही चहा घेतलात तेव्हा बशी वाजत होती. ते फक्त मी पाहिलं. तुम्हाला कधी बोलले नाही.

ड्रिफ्टिंगचं वेड मला नागपूरच्या त्या मैदानावर लागलं असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ते त्या फटीत बसूनच लागलं होतं. रोज चंद्रपूरला जाऊन लोकांना गाडी न घसरवता चालवायला शिकवायची, आणि रविवारी नागपूरला स्वतः घसरवायला शिकायचं! बत्तीस वर्षांच्या बाईनं असं करावं का, हे विचारायला अर्धं गाव आलं होतं. फक्त तुम्ही तसं विचारलं नाहीत. उलट आईला समजावत होतात, "यात गाडी घसरली त घाबराचं नसते. मुद्दाम घसरवाची, अन् वळणभर घसरतच न्याची."

आईनं विचारलं, "त्यात शिकाचं काय हाये? आमच्या आरमोरीच्या बांधीत चिखलणीले ट्रॅक्टर असाच घसरते. कोणी नागपूरले नाई जात." तिच्या माहेरच्या धानाच्या बांधीपुढे नागपूर नेहमीच फिकं पडायचं.

मग लिलावातून ती पांढरी, गोलमटोल, सरकारी साहेबांची जुनी गाडी आणली. इंजिनचा जोर मागच्या चाकांवर जाणारी, म्हणून मला हवी होती. तुम्ही तिला गाय विकत घेताना पाहावं तसं चारी बाजूंनी पाहिलंत, टाचेनं एकेक टायर ठोकून पाहिलात, आणि नाव ठेवलंत पांढरी.

नागपूरच्या शिकवणाऱ्या पोरानं, शैलेशनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर्षभर इंजिनाला हात लावायचा नाही. आहे त्या ताकदीवर शिका. खर्च करायचा तर टायरवर करा. पुढचे रस्ता धरून ठेवणारे, चांगले. मागचे कडक, स्वस्त, झिजले तरी चालतील, कारण ते घसरायलाच हवेत. मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, "नवे पुढी, गोटे मांगं. मी बावीस वर्षं जीप अशीच चालवली. थ्या पोट्ट्याले फीस काऊन देल्ली?"

खरंच होतं. तुम्ही कायम दोनच नवे टायर घ्यायचे, ते पुढे लावायचे, आणि पुढचे जुने, गुळगुळीत होत आलेले गोटे मागे ढकलायचे. चार नवे परवडत नव्हते म्हणून. मला इतकी वर्षं त्याची लाज वाटायची, बाबा. शाळेत एका पोरीनं म्हटलं होतं, तुझ्या बाबाच्या जीपचे मागचे टायर टकले आहेत. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

मी शहाणी असते तर तिथेच थांबले असते. पण मैदानावर दुसऱ्यांच्या गाड्या धूर काढत गोल फिरायच्या आणि माझी पांढरी कोरड्या जमिनीवर नुसती हुंकार द्यायची. घसरायची ती फक्त पाणी मारलेल्या कोपऱ्यात. कोणी हसलं नाही. तरी मला वाटायचं, हसताहेत. मी वर्षाची अट तीन महिन्यांत मोडली. शैलेशला न विचारता रफिकभाऊंना तिप्पट ताकदीचं इंजिन शोधायला सांगितलं आणि होळीच्या आधी जुनं काढूनही टाकलं.

तुम्ही म्हणाला होतात, "ताकद कमी असन त पाय शिकते. जास्त असन त पाय आयशी होते." मी म्हटलं, बाबा, जीपचा जमाना गेला. असं बोलायला नको होतं. तुम्ही पुढच्या टायरवरची माती नखानं काढत राहिलात.

आणि तेव्हाच विचारलं होतंत. अगदी सहज, जणू पान मागावं तसं. "इंजिन काढाच्या आधी एकदा मले बाजूले बसव नं. कशी घसरते, पाहू दे."

मी काय म्हणाले, आठवतं? मला रोज आठवतं. "आता काय पाहता, बाबा? ही बैलगाडी आहे. मोठं इंजिन लागू द्या, मग बसवते."

रफिकभाऊ म्हणाले होते दोन महिने. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. पांढरी अंगणात विटांवर उभी. चाकं काढून घरात ठेवलेली, बॉनेटखाली रिकामं, पोटाखाली कोंबड्या. तुम्ही संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिच्या डाव्या सीटवर जाऊन बसायचे. दार लावून घ्यायचे, काच खाली करायचे, कोपर बाहेर काढायचे. मी चंद्रपूरहून बसनं यायची तेव्हा फाटकातून पहिलं तुमचं कोपरच दिसायचं. एकदा मी विचारलं, इथे काऊन बसता? तुम्ही म्हणालात, "लय शांत चालते आता. धक्का नाई, काई नाई." मी हसले. बाबा, तुम्ही माझी थट्टा करत होतात की वाट पाहत होतात?

आयुष्यभर तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर. किती लोकांना बाजारात, दवाखान्यात, लग्नाला, माहेरी सोडलंत. डाव्या सीटवर तुम्हाला बसवून कोणी कुठे नेलं नाही. ते मला करता आलं असतं. माझ्याकडे गाडी होती, मैदान होतं, रविवार होते. एका वळणाचं काम होतं.

पोळ्याच्या आठवड्यात तुमच्या छातीत कळ आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. जीप तर परमिट संपल्यावर विकलेली. पांढरी विटांवर. मी शेजारी देवरावभाऊंकडे धावले. ते हातातलं ताट टाकून पिकअप घेऊन आले. मागे झोपायला सांगितलं तर तुम्ही ऐकेनात. डाव्या सीटवर बसलात. मी मधे, परत त्याच फटीत. गडचांदूरच्या अलीकडे तुम्ही देवरावभाऊंना म्हणालात, "क्लचवर पाय नोको ठेऊ रे. प्लेट जयते." त्यानंतर काहीच बोलला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात तेच सांगितलं. मान्य केलं मी. पण मी त्यांना त्या अर्ध्या तासाचं विचारतच नव्हते, न दिलेल्या त्या एका फेरीचं विचारत होते.

आज सकाळी मी पत्र इथवर लिहून उठले आणि गॅरेजला जाऊन आले. मोठं इंजिन पाहिलं. देखणं आहे, धुवूनपुसून ठेवलेलं. रफिकभाऊ त्याची ताकद सांगत होते आणि मी कोपऱ्यात बघत होते. तिथे पोत्याखाली पांढरीचं जुनं इंजिन होतं. विकलं काऊन नाही, असं विचारलं. मला वाटलं, सांगतील की तुमच्या बाबानं ठेवायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "कोणी घेतच नाई नं बाई. दोघं आले, पाहून गेले." मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. शनिवारी सांगते म्हटलं आणि परत आले.

घरी आले तर आई पांढरीची काच पुसत होती. तुमच्या बाजूची. ओल्या फडक्यानं आधी, मग पदरानं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मले कवा बसवशीन यात?"

आणि बाबा, माझ्या तोंडात काय आलं सांगू? "मोठं इंजिन लागू दे." अगदी ओठापर्यंत आलं होतं. 'मोठं' एवढं म्हणूनही झालं होतं.

आईनं हात थांबवला. तिनं तुमच्या वेळचं ते बोलणं ऐकलं होतं का? स्वयंपाकघरातून अंगणातलं सगळं ऐकू येतं. तिनं फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागली.

मी तिथेच उभी राहून रफिकभाऊंना फोन लावला. नवं इंजिन त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या, म्हटलं. पोत्याखालचं तपासा, तेल बदला आणि उद्याच अंगणात येऊन बसवा. ते म्हणाले, "त्यात काय दम हाये, बाई?" मी म्हटलं, दोन माणसांपुरता आहे.

देवरावभाऊंशी बोलले. बंद पडलेल्या चुनखडीच्या प्लॉटवर ते रविवारी सकाळी पाण्याचा टँकर फिरवून देतील. मालकाची परवानगी घेतली आहे. ओल्या पांढऱ्या मातीवर पांढरीला तिप्पट ताकद लागत नाही, हे तुम्ही मला आठव्या वर्षीच दाखवलं होतं. पुढे दोन नवे टायर लावून जाईन. गोटे डिकीत नेईन आणि तिथे गेल्यावर मागे चढवेन. जॅक मी लावते, असं आई म्हणाली. बावीस वर्षांत तुमच्या जीपचे पंक्चर कोणी कमी पाहिलेत का, असंही म्हणाली. हेल्मेट तिच्या अंबाड्यावर बसत नाही. त्यावरून दुपारभर भांडण चाललं आहे.

बाबा, तुमची मला फार आठवण येते. वळणावर येते, सरळ रस्त्यावर येते, शिकणाऱ्या पोरांनी एकदम ब्रेक दाबला की येते. तुम्हाला एक फेरी द्यायची राहून गेली. ती आता कुठल्याच इंजिनानं भरून येणार नाही. मी तसं मनालाही सांगत नाही.

पण एवढं कबूल करते. रविवारी सकाळी आई डाव्या सीटवर बसेल, काच खाली, कोपर बाहेर. गाडीचं मागचं अंग सुटलं आणि ती घाबरली, तर सांगेन, काई नाई झालं, जरा नाचली. आणि यापुढे कोणी म्हटलं, मला बसव, तर आहे त्या गाडीत, आहे त्या इंजिनावर, त्याच दिवशी बसवेन.

क्लचवर पाय न ठेवणारी,
तुमची पोट्टी
सुनंदा