पूल यायच्या आधी

सर,

मंगळवारी सकाळी मही नदीवरच्या रेल्वे पुलापाशी आपल्या फ्लाइंग क्लबची दोन विमानं आदळता आदळता राहिली. त्यातल्या एकात मी होते. चूक कोणाची, हे मला आज दुपारपर्यंत लेखी द्यायचं आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं अनेकदा वाटलं. भांडावंसं आज पहिल्यांदा वाटतंय.

माझ्याबरोबर होती ती माझ्याकडे उडायला शिकणारी मुलगी, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधली, वडील वर्कशॉपात. हुशार आहे, हात हलका आहे, पण ही सगळी पिढी आकाशात जाते आणि स्वतःच्या मांडीकडे बघत बसते. मांडीवर टॅबलेट. त्यावर पावसाच्या ढगांचं रडारचित्र. शिवाय काचेला चिकटवायची साबणाच्या डबीएवढी एक पेटी, जी आजूबाजूच्या विमानांचे संदेश पकडून ती कुठे आहेत हे त्याच टॅबलेटवर दाखवते. विकणारे सांगतात, ही असली की निर्धास्त उडा. हे सांगत नाहीत की जे विमान स्वतः संदेश पाठवत नाही, ते या पेटीच्या लेखी आकाशात नाहीच. आमचं जुनं दोन सीटांचं विमान असंच मुकं आहे. क्लबचं नवं विमान तेवढं संदेश पाठवतं. हे मी दर तुकडीला घसा कोरडा करून सांगते, आणि दर तुकडी मान हलवून पुन्हा मांडीकडे बघते.

मंगळवारी निघण्याआधी ती म्हणाली, "मॅम, रडार एकदम साफ आहे." मी तिला पूर्वेकडे वळवून उभं केलं. पावागडच्या डोंगरामागे एक ढग फुलकोबीसारखा वर चढत होता. "हा कुठे आहे तुझ्या रडारवर?" तिने शोधला. नव्हता. "चित्राच्या कोपऱ्यात वेळ काय लिहिली आहे?" तिने वेळ वाचली, मनात हिशेब केला आणि जीभ चावली. चित्र अर्ध्या तासापूर्वीचं होतं. ढगाला मोठं व्हायला तेवढा वेळ भरपूर होतो. वर गेल्यावर मोबाइलचं नेटवर्क सुटलं की चित्र आहे तिथे थांबतं, आणि थांबलो आहे असं ते स्वतःहून सांगत नाही. मी फेरी अर्ध्यावर आणली. माझं बरोबर होतं, सर, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फार आनंद झाला होता. त्याच आनंदात मी म्हटलं, "आणि तो टॅबलेट आणि ती पेटी, दोन्ही पिशवीत टाक." ती म्हणाली, "मॅम, चालू तरी राहू दे?" "राहू दे चालू. पण पिशवीत."

हे बोलणं माझं आहे का तुमचं, ते आता मला वेगळं काढता येत नाही. तुम्ही दुमडलेल्या नकाशाने माझ्या मनगटावर मारत होतात. "बाहेर बघ. आत काय ठेवलंय?" रविवारी तुमच्या घरी अभ्यासाला आले की वहिनी स्वयंपाकघरात चहा ठेवत, आणि तुम्ही खिडकीतून रिफायनरीच्या चिमणीची ज्योत दाखवत असा. आधी वारा सांग, मग चहा. एकदा मी उलटी दिशा सांगितली तर तुम्ही माझा कप उचलून स्वतः प्यायलात. वहिनी म्हणाल्या, "अहो, दमलीय ती, बी.एस्सी.ची परीक्षा देऊन आलीय." तुम्ही म्हणालात, "वाऱ्याला काय सांगणार, बी.एस्सी. आहे म्हणून?" वहिनींनी मला गुपचूप दुसरा कप दिला. पहिल्यांदा एकटी उडून उतरले तेव्हा तुम्ही शाबासकी दिली नाहीत, मलमलचा एक स्वच्छ तुकडा दिलात, काच पुसायला. मी वर्षानुवर्षं तो मोठा मान समजत आले. तुमच्या तोंडून निघालेला कुठलाही नियम कधी तपासून पाहावा असं मला वाटलं नाही. एक वगळून.

तो नियम पुलाचा. उत्तरेहून परत येताना महीच्या पुलावर आलो की रेडिओवर तसं सांगायचं, ही पद्धत. शहराकडून उत्तरेला जाणारं विमान तोवर कमी उंचीवरच राहतं आणि परतणारं मागे गेलं की मगच वर चढतं. पण तुम्ही पूल यायच्या बराच आधी "पुलावर" म्हणायला लावायचात, म्हणजे रेडिओचं काम उरकून उतरायच्या तयारीला हात मोकळे. मी विचारलं होतं, "सर, पूल तर अजून पुढे आहे." तुम्ही म्हणालात, "बोलून होईपर्यंत येईल. तू काय पुलावर उतरून सांगणार आहेस?" खाली आल्यावर तुम्ही हे सगळ्यांना सांगितलंत, सगळे हसले आणि मीही हसले. तेव्हा आकाशात क्लबचंच एखाददुसरं विमान असायचं. पूल थोडा आधी आला काय, नंतर आला काय, कोणाला त्याचा पत्ता लागत नव्हता.

मंगळवारी आम्ही त्या जुन्या विमानातून परत फिरलो आहोत. ऊन चढलेलं, खाली नदी चकाकते आहे. मी मुलीला सांगते, "पुलावर, असं कळव." ती बाहेर बघते. "मॅम, पूल अजून पुढे आहे." आणि मी, सर, हसून तुमचं वाक्य म्हणते. अक्षरशः तेच. ती कळवते. समोरून मांजलपूरचे एक दातांचे डॉक्टर येत आहेत, पन्नाशीत हौसेने शिकायला लागलेले, त्या दिवशी नव्या विमानात एकटेच. ते पूल ओलांडून थोडे उत्तरेला आले आहेत. आमचं विमान पुलावर आहे असं ऐकून त्यांना साहजिकच वाटतं की आम्ही त्यांच्या मागे गेलो. ते वर चढू लागतात. चढताना नाक वर असतं, समोरचं दिसत नाही. आमच्या नाकाखालून एक पांढरा पंख वर येताना मला दिसला. मी कंट्रोल हिसकावून घेतला आणि उजवीकडे वळवलं. त्यांच्या चाकाच्या टायरवरच्या खाचा मला दिसल्या.

उतरल्यावर मुलीने पिशवीतून टॅबलेट काढला. मी मागितला नव्हता, तरी तिने तो मला दाखवला, याचं मला कौतुक आहे. आम्ही कुठून कसे आलो त्याची रेघ त्यात उमटली होती, आणि रेडिओवर बोलल्याची वेळ टॉवरने सांगितली. दोन्ही जुळवल्यावर दिसलं की आम्ही "पुलावर" म्हणालो तेव्हा पूल पूर्ण दीड मिनिट लांब होता. पेटीने डॉक्टरांचं विमान त्याच्याही आधीपासून दाखवायला सुरुवात केली होती. आम्ही सरळ त्यांच्याकडे जात होतो तो सगळा वेळ पेटी पिशवीत, माझ्या पायाशी, इशारे देत होती.

त्याच संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरींनी बोलावलं. "बेन, कशुं थयुं नथी, जवा दो ने. काही झालेलं नाही, सोडून द्या. डॉक्टर शिकाऊ आहेत, न बघता चढले, एवढंच लिहा. दोन महिने त्यांचं एकट्याने उडणं बंद ठेवू." बाहेर बाकावर डॉक्टर बसले होते, चहा तसाच गार. मला पाहून उठले. "बेन, मारी भूल हती?" चूक त्यांची होती का, हे ते मला विचारत होते. त्यांना तसंच उभं ठेवून मी स्कूटरवर बसले. ते मला अजून खुपतंय.

तीन दिवस मी तुमच्यावर रागावून घरात फिरते आहे. मग आठवतं की तुम्ही मला शिकवलंत, पण पुढे शेकडोंना मी शिकवलं. प्रश्न मीच विचारला होता, उत्तर चुकीचं आहे हे तेव्हाच मला कळलं होतं, आणि हसणाऱ्यांत राहायचं म्हणून मी ते कायमचं उचललं. त्या मुलीनेही मंगळवारी तेच करायला घेतलं होतं.

जबाबात मी "माझी सवय" असं लिहिलं आहे. तुमचा उल्लेख केलेला नाही. तुम्हाला वाचवायला नव्हे. तुमचं नाव घातलं असतं तर या वयात मी पुन्हा कोणाची तरी विद्यार्थिनी ठरले असते आणि लोकांनी मला सोडून दिलं असतं, आणि क्षणभर मला ते हवंही होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही.

शुक्रवार, दुपारी दोन. क्लबच्या कार्यालयात दिलं: माझा जबाब, तीन पानं, सहीसह. टॅबलेटवरच्या रेघेची छापील प्रत, एक. चौकशी होईपर्यंत मी शिकवणार नाही असं पत्र, एक. जबाबाची नक्कल डॉक्टरांच्या हातात, एक. मुलीच्या हातात, एक. सेक्रेटरींनी पोच दिली. वेळ घातली नव्हती. मी घालायला लावली.