पोस्टरवरचा ताईचा हात

शनिवार, १२ ऑगस्ट १९७८

सोमवारी ‘मी’ या विषयावरचं पोस्टर वर्गासमोर उभं राहून दाखवायचं आहे, आणि माझा एकटीचा फोटो घरात नाहीच! स्टुडिओत काढलेला एक आहे, तोही ताईसोबतचा. कात्री तिनंच आणून दिली. “काप वं, मी कुठं पळून चालली?”

अगदी जपून कापलं. ताई निघाली, पण तिचा हात माझ्या खांद्यावरच राहिला, बांगडीसकट! कापावा तर माझा खांदाच जातो. काळ्या रंगानं झाकला, तर मला कुबड आलं. ओल्या फडक्यानं पुसला, तर बांगडी आणखीच चमकायला लागली. राहू दे मग तो हात.

खरं तर तो मायेनं ठेवलेला नाहीच. स्टुडिओतल्या दिव्यांना घाबरून मी सारखी स्टुलावरून उठत होते, म्हणून तिनं मला दाबून धरलं होतं. पण हे वर्गात कोणाला कशाला कळायला हवं? फोटोखाली मी लाल रंगात ठळक लिहिलं, ‘मी कोणालाच घाबरत नाही.’

ताईनं ते वाचलं आणि हसत सुटली. “असं का? मग माझा हात वापस दे मले!”

नाही दिला. सोमवारी लागेल.