क्लच नसलेली गाडी

१२ जानेवारी २०२५

आमची जुनी एट हंड्रेड गाडी गेली. मढचे कुंडलिकराव दुपारी घेऊन गेले. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मंचरला होते — परत आले तर सौदा झालेला. मला एका शब्दानं विचारलं नाही.

बाऊजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. श्रावणात झटका आल्यापासून सासऱ्यांचा डावा हात-पाय जरा कच्चा आहे. पण दिवाळीनंतर पुन्हा गाडी चालवायला लागले होते. घोडेगावातून डिंभ्यापर्यंत जाऊन यायचे, आल्यावर जेवण दोन घास जास्त जायचं. आज कुंडलिकरावांना एवढंच म्हणाले, "तिसरा टाकताना घाई करू नका. जरा थांबलं की आपसूक बसतो."

गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग आत जाऊन स्टीलचे डबे पुसायला बसले. ते काम नोकराचं आहे.

अंकितला विचारलं, का विकली? "जुनी झाली होती." बास. नवऱ्याकडून एवढंच उत्तर.

१५ जानेवारी

नवी गाडी आली. ऑटोमॅटिक. आमची श्रेया हॉर्न वाजवून वाजवून दमली. बाऊजींनी दार उघडून खाली वाकून पाहिलं.

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"काही नाही, बाऊजी. नुसता ठेवून द्यायचा."

बाऊजी हसले. मला ते हसणं बघवलं नाही.

२१ जानेवारी

बाऊजींच्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझ्याकडं आलंय. डाव्या हातात त्यांना ते घट्ट धरवत नाही. सकाळी जैन स्थानकातून प्रार्थना करून आले की मला हाक मारतात.

आज म्हणाले, "हळू. शेवटी ते बोटाला सांगतं, बास झालं. तिथं थांबायचं." खरंच सांगतं. मग कानाशी नेऊन ऐकतात आणि हात पुढं करतात — मी पट्टा बांधायचा.

अंकितनं त्यांच्यासाठी ते नवं घड्याळ आणलंय, माणूस पडला तर आपोआप फोन लावणारं. कपाटात पडून आहे. मी म्हटलं, ते घाला की, चावीची कटकट नाही.

"त्याचं माझ्यावाचून चालतं, बेटा. हे माझी वाट बघतं."

किती वर्षं म्हणायचे, चेतना, ये, गाडी शिकवतो. मी आपली दरवेळी — बघू, उन्हाळ्यात बघू. कोणी मागं लागलं होतं माझ्या? आता त्यांच्या हाताखाली शिकायचं ते राहूनच गेलं.

२ फेब्रुवारी

डिंभ्याला रखमाजींकडं गेलो. बाऊजींचे जुने मित्र. अंकित चालवत होता, बाऊजी शेजारी, मी आणि श्रेया मागं. चढ लागला की बाऊजींचा उजवा हात मांडीवरून उठायचा, गियरच्या दांड्याकडं जायचा, आणि मध्येच परत यायचा. प्रत्येक चढाला. अंकितला दिसत होतं. नजर रस्त्यावर ठेवून बसला होता.

रखमाजी अंगणात भाताची पोती हलवत होते. एकदम चपापले. "आरं, शांतीशेट! कवा आला? आवाजच न्हाई आला राव. तुमी धरणाच्या वळणाला गियर पाडला की आमाला हितं कळायचं. म्हातारी च्या टाकायची."

बाऊजी म्हणाले, "आता गाडी मुकाट्यानं येते."

चहा व्हायला वेळ लागला.

घरी आल्यावर मी अंकितला नको ते बोलले. म्हणाले, आजारपणानं अर्धे हात-पाय नेले, उरलेले तुम्ही नेलेत. स्वतःच्या बापाचा एवढासा आनंद तुम्हाला बघवला नाही. तो पलंगावर बसून ऐकत होता. म्हणाला, "असू दे, चेतना." असू दे? उशी उचलली आणि श्रेयाच्या खोलीत आले.

९ फेब्रुवारी

अंकितशी कामापुरतंच. डबा, शाळेची फी, गॅस.

१६ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज भाजी निवडता निवडता विचारलं, "किती दिवस चालायचं हे?" मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारा. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.

अंकित बारीक दिसायला लागलाय. त्याचं त्याला.

२७ फेब्रुवारी

कुंडलिकरावांना फोन केला. मनात बरेच दिवस होतं. म्हटलं, गाडी परत द्याल का, बाऊजींचा जीव आहे तिच्यात. वाटलं चिडतील.

"न्या की ताई. माझी सून शिकतीय तिच्यावर, पण तिला दुसरी बघू. शेटजी गाडी देताना बॉनेटवर हात ठिवून उभं व्हते. मला घरी येईस्तोवर कसंसंच वाटलं."

मी शिकेन. बाऊजी शेजारी बसतील, गियर त्यांनी टाकायचा, क्लच मी दाबायचा. उजवा हात तर चांगला आहे त्यांचा! उद्या सांगते. अंकितला काय वाटायचं ते वाटो.

२८ फेब्रुवारी

सांगितलं. बाऊजी घड्याळाचा पट्टा चाचपायला लागले. मग म्हणाले, "नको आणू. ती मीच विकायला लावली, बेटा. तू मंचरला होतीस तेव्हा दुकानापुढं माझा पाय क्लचवरनं सटकला. गाडीनं उडी मारली. पुढं श्रेया पाठमोरी बसून खडूनं चित्र काढत होती. हातभर अंतरावर बंद पडली गाडी. पोरीला कळलंपण नाही. अंकितनं पाहिलं. मीच त्याला शपथ घातली, चेतनाला सांगायचं नाही. तुझ्यापुढं मान वर करता आली नसती मला."

खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. अंकित वर येईल. जिन्याशी जाऊन उभी राहते.