रिकामा डबा

मंगळवार, दिवेलागण

डबा ओट्यावर तसाच पडलाय. घासलेला, कोरडा, रिकामा.

समोरच्या दारातल्या रुबीनाभाभी आणि त्यांच्या सासूबाई, अम्मी, मूळच्या रायगडच्या, आम्ही साताऱ्याचे. सानपाड्यात आल्यापासून हा एकच स्टीलचा डबा दोन्ही घरांत फिरतोय. त्यांची तांदळाची वाफवलेली सांदणं इकडे, आमच्या पुरणपोळ्या तिकडे. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आईनंच मला शिकवलं. काही नसलं तर चिमूटभर साखर टाक, म्हणायची.

सोसायटीत फायबरचं इंटरनेट आलं तेव्हा मीच हौसेनं आईला मोठा फोन घेतला. म्हटलं, मी दिवसभर महाप्याला ऑफिसात, ही घरात एकटी, भजनं ऐकेल. भजनं किती दिवस टिकली? आता त्यात सारखं कुणीतरी ओरडत असतं. काल भाभींची सांदणं आली, तर हिनं हात लावला नाही. "काय घालत्यात कुनाला ठाऊक. आपली न्हवंत ती मानसं. व्हिडिओत दावलंय."

मी मुद्दाम तिच्यासमोर खाल्ली. सकाळी डबाभर शंकरपाळ्या देऊन आले.

आत्ता भाभी डबा द्यायला आल्या. हलका लागला, म्हणून झाकण उघडलं. साखरेचा कणही नाही. "अम्मी बाहेरचं खात नाय आता," खाली बघत म्हणाल्या. शंकरपाळ्यांचं काय केलं, विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्या घरातून फोनचा आवाज येत होता. माणूस दुसरा, ओरडणं तेच.

दार लावून वळले, तर मागे आई. डब्याकडे बघून हसली.

"बघ. म्हनलं नव्हतं मी?"