पिलारबाईंची खिडकी

ग्लासगो, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

बाबांच्या स्पेनवरच्या लेखांची फाइल उद्या हॉस्पिटलात ड्यूटीवर जायच्या आधी मला पुण्याच्या प्रकाशकाला मेल करायचीय, आणि मला धड काही सुचत नाहीये. राजकारणावरचे लेख झकास उतरलेत. तिथल्या आपल्या दूतावासातली त्यांची इतकी वर्षं कारणी लागली म्हणायची. पण आज टाइप केला तो शेवटचा लेख! त्यात माद्रिदच्या आमच्या घरमालकीण पिलारबाई नावासकट आल्यात. यादवी युद्धात त्यांच्या वडिलांना समोरच्या शेजाऱ्यांनीच धरून दिलं होतं, ते सगळं. हे सांगण्याआधी त्यांनी भर उन्हाळ्यात स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, हेसुद्धा बाबांनी लिहिलंय. त्या शेजाऱ्यांची मुलं अजून समोरच राहतात. पिलारबाईही तिथेच.

संध्याकाळी म्हटलं, "बाबा, निदान नाव तरी बदलूया."

"अगं, मराठी पुस्तक तिथे कोण वाचतंय?"

खरंय. तरीही ती खिडकी डोळ्यांपुढून हलतच नाही.

न राहवून पुन्हा विचारलं, "कुणाला सांगू नका, असं म्हणाल्या होत्या का त्या?"



"नाही," बाबा म्हणाले. "फक्त खिडकी लावली होती."